इडवल थांबतो

१

सुट्टीच्या घरात पाऊल टाकलं की मी आधी किटली बघते, मग गादी, आणि मग मालकिणीनं कुठं कुठं सूचना चिकटवल्यात ते. एकतीस वर्षं मी गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. शेजारी घामाघूम उमेदवार, मांडीवर कागद, आणि कागदावर तीन रकाने: किरकोळ चूक, गंभीर चूक, धोकादायक चूक. निवृत्त झाले तरी ते रकाने डोक्यातून गेले नाहीत. माझा नवरा इडवल म्हणतो की आमच्या लग्नात मी पाद्रीबाबांना दोन किरकोळ दिल्या होत्या. त्या तीन होत्या.

या घरातली किटली चांगली होती. गादी मधे खोल, म्हणजे किरकोळ. सूचना एकच होती, पुढच्या खोलीच्या दारावर: 'आत खासगी सामान आहे. कृपया उघडू नये.' त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पुढची खोली पाद्रीबाबांसाठी आणि शवपेटीसाठी राखून ठेवतात. धडधाकट माणसाला तिथं तशीही कोणी बसू देत नाही.

घराचं नाव आरोस्वा. तेही जगावेगळं नाही. वेल्समध्ये ज्यांना घराचं नाव सुचत नाही ते सगळे आरोस्वा ठेवतात, आमच्या कार्माथनच्या गल्लीतच दोन आहेत. 'आरोस' म्हणजे थांबणं, आणि आरोस्वा म्हणजे थांबायची जागा.

"बाकी सगळं तुमचंच समजा," मालकीण प्रॉसरबाई किल्ली देत म्हणाल्या. त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या आणि तिथूनच हात लांब करून सगळं दाखवत होत्या. "लाकडं मागं रचलीत. अंडी शेजारचा तेगिड आणून देईल. शनिवारी दहाला घर सोडायचं."

"आणि हे कोट कोणाचे?" मी विचारलं.

दारातून आत येणाऱ्या चिंचोळ्या बोळात आठ खुंट्या होत्या. सातांवर सात पुरुषी कोट, आणि खाली सात जोड बूट, टाचा भिंतीला लावून ओळीनं मांडलेले.

"पाहुणे विसरून जातात हो," प्रॉसरबाई म्हणाल्या आणि गाडीकडे इतक्या झपझप निघाल्या की पाचोळ्यावरून घसरल्याच असत्या.

आता मला सांगा, वेल्समध्ये ऑक्टोबर महिन्यात कोट विसरून जाणारा माणूस कोणी पाहिलाय? बरं, कोट विसरला म्हणून सोडून देऊ. बूट विसरून माणूस जातो कसा?

"बघ नेस्टा, माझ्यासाठी एक ठेवलीय," इडवल खुशीत म्हणाला आणि त्यानं आपला कोट आठव्या खुंटीला अडकवला.

२

इडवलबद्दल सांगायला हवं, कारण ही सुट्टी त्याच्यासाठीच होती.

छत्तीस वर्षं त्यानं खोऱ्याखोऱ्यांतून बस चालवली. या छत्तीस वर्षांत एकही माणूस मागे टाकून त्यानं बस काढली नाही. कोणी म्हातारी टेकडीवरून हात हलवत धावताना दिसली की हा इंजिन बंद करून खिडकीतून ओरडायचा, "थांबतो! सावकाश या!" त्याची बस कधीही वेळेवर पोचली नाही आणि त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. साहेबांना दोन्ही गोष्टींचा सारखाच राग होता.

निवृत्त झाल्यावर तो खचला. एप्रिलमध्ये छातीत कळ आली, चार दिवस दवाखान्यात काढले. परत आला तो खिडकीपाशी बसून राहायला लागला. बोलणं नाही, हसणं नाही. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा, शांत ठिकाणी न्या." मला माणूस परत हवा होता, म्हणून मी हे घर शोधलं. सहा मैलांत दुकान नाही, टेकडीवर गंजलेल्या रंगाचं नेचं, आणि शेतात मेंढ्या. एडका सोडायचे दिवस होते. त्याच्या छातीला लाल रंग फासलेला असतो, त्यामुळे कोणत्या मेंढीची भेट झाली ते तिच्या पाठीवर दिसतं. आमच्या खिडकीसमोरचा एडका फार कामसू होता.

रविवारी हिवाळ्याची वेळ सुरू झाली म्हणून घड्याळं एक तास मागे केली. चारच्या सुमारास मी मागच्या अंगणात लाकडं काढत होते. आत आले तर इडवल बोळात उभा, हातात दोन कप, तोंड पुढच्या खोलीच्या बंद दाराकडे.

"चहा गार झाला की गं," तो म्हणाला. "काय करत होतीस इतका वेळ आत?"

"आत कुठं? मी मागे होते."

"मग 'थांबतोस का' म्हणून विचारलंस ते?"

"मी नाही विचारलं."

"विचारलंस की. मी म्हटलं, थांबतो. म्हणून तर थांबलो."

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दवाखान्यानं दिलेल्या गोळ्यांचा कागद काढून वाचला. त्यात चक्कर, पोट बिघडणं आणि पायाला सूज एवढंच लिहिलं होतं.

३

सोमवारी मी दुपारी जरा पडले होते. उठून खाली आले तर टेबलावर तीन कप.

"तिसरा कोणाचा?"

"विचारतंय ना कोणीतरी कालपासून," इडवल म्हणाला. "बरं दिसत नाही."

मंगळवारी मी स्वतः ऐकलं. पावणेचारपासून मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक उलटं होतं, हे नंतर कळलं. बाहेर ऊन पिवळं पडलेलं, मेंढ्या खोकत होत्या, स्वयंपाकघरात काउल, म्हणजे आमचा मटणाचा रस्सा, शिजत होता आणि झाकण थडथडत होतं. चार वाजले. मग पुढच्या खोलीतून आवाज आला.

"थांबतोस का?"

त्यात भीतीदायक असं काही नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. धाप लागलेला, थोडा ओशाळलेला आवाज. पिशव्या घेऊन बसमागे पळणाऱ्या माणसाचा असतो तसा. बाईचा की पुरुषाचा, ते मात्र सांगता येईना.

"थांबतो!" इडवल स्वयंपाकघरातून ओरडला. "सावकाश या!"

मग त्या दारामागे एक खुर्ची सरकली. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण एखादी जरा पुढे ओढून ठेवतो, तेवढीच.

मी नळ तपासले. पाणी तापवायचं यंत्र तपासलं. रेडिओची तार भिंतीतून काढून ठेवली. पुढच्या खोलीच्या खिडकीत बाहेरून डोकावायला गेले, पण आतून जाड पडदे होते आणि काचेत मला माझंच तोंड दिसलं. तेही काही बघण्यासारखं नव्हतं. शेवटी मी ठरवलं की जुन्या घरात लाकूड थंडीनं आक्रसतं आणि आवाज करतं. लाकूड वेल्श बोलतं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

खरी अडचण वेगळीच होती. त्या रात्रीच्या जेवणाला इडवल हसला. दोन वाडगे काउल खाल्ला, आणि कुठल्याशा म्हातारीनं बसमध्ये सोडलेल्या कोंबडीची गोष्ट सांगितली. मी ती दोनशे वेळा ऐकलेली. एप्रिलपासून मात्र एकदाही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जो माणूस परत आणायला मी इथं आले होते तो समोर बसून ब्रेडनं वाडगा पुसत होता. मग घर सोडून चला म्हणू तरी कशी?

४

बुधवारी तेगिड अंडी घेऊन आला. सत्तरीचा शेतकरी. दाराबाहेर उभं राहून त्यानं अंडी पुढे केली, प्रॉसरबाईंनी किल्ली केली होती तशीच, हात लांब करून.

"आत या की, चहा घेऊ," मी म्हटलं.

"बघू," तेगिड म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"अंडी ताजी आहेत ना?"

"बघू."

"अहो, तुमचीच कोंबडी ना?"

तेगिडनं माझ्या खांद्यावरून बोळात पाहिलं. त्याची नजर खुंट्यांवरून फिरली आणि ओठ हलले. तो मोजत होता.

"आठवा तुमच्या मालकांचा का?"

"त्यांचाच."

"काढून घ्या," तो म्हणाला. "आणि बाई, आमच्या खोऱ्यातली माणसं सरळ उत्तर देत नाहीत म्हणून बाहेरचे लोक हसतात. हसू देत. माझे वडील लग्नात पाद्रीबाबांनासुद्धा 'बघू' म्हणाले होते. आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा पुढचं बोलले."

"म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?"

"ते बघू," म्हणत तेगिड कुत्र्याला शीळ घालून निघून गेला.

मी अंडी घेऊन तिथंच उभी राहिले. आमच्या वेल्श भाषेची एक खोड आहे. नुसतं 'हो' म्हणून सुटायची सोय नाही. 'जातोस का?' विचारलं की 'जातो' म्हणावं लागतं, 'खातोस का?' ला 'खातो'. जे विचारलं तेच क्रियापद तोंडानं परत द्यायचं, म्हणजे प्रत्येक उत्तर शपथेवरचं. आणि 'थांबणं' म्हणजे काय काय? वाट बघत थांबणं. बस उभी करून थांबणं. आणि मुक्कामाला थांबणं, कायमचं. तिन्हींना शब्द एकच.

इडवल पहिल्या दोन अर्थांनी 'थांबतो' म्हणत होता. विचारणारा कोणत्या अर्थानं विचारत होता, ते कोण सांगणार?

मी त्याचा कोट खुंटीवरून काढून गाडीत टाकला. संध्याकाळी तो परत खुंटीवर होता.

"तू आणलास?"

"आणला की. गाडीत चुरगळला असता," इडवल म्हणाला.



५

गुरुवारी मी त्या कोटांचे खिसे तपासले. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचे संस्कार माझ्यावर नाहीत, पण आता संस्कार कोणाला परवडतात? सातही कोटांत मळके रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या, आणि बसच्या परतीच्या तिकिटाचा एकेक तुकडा. सातही परतीचे. एकही वापरलेला नाही.

इडवलनं एक तुकडा चष्म्याजवळ धरला. "हा जुना नमुना. मी कामावर लागलो तेव्हा बंद झाला. या खोऱ्यातली बसही तेव्हाच बंद झाली." मग त्यानं कोटांकडे पाहिलं. "बिचारे. परत जायचं राहूनच गेलं की."

मी म्हटलं, "सामान भर. आत्ता निघू."

"पैसे शनिवारपर्यंतचे भरलेत," इडवल म्हणाला. आणि मग, जरा हळू आवाजात, "मला बरं वाटतंय गं इथं. कोणीतरी विचारतं."

हे मला लागलं. एप्रिलपासून मी त्याला गोळी घेतलीस का, पाय सुजलाय का, एवढंच विचारत होते.

तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. शुक्रवारी सकाळी इडवलला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि शिकवणी घेतली.

"कोणी काहीही विचारलं तरी काय म्हणायचं?"

"बघू."

"शाबास. चहा घेतोस?"

"घेतो."

"इडवल!"

"बघू, बघू. पण खरंच दे जरा."

"गोळी घेतलीस?"

"बघू."

"म्हणजे घेतली की नाही?"

"आता तूच सांग, कोणतं उत्तर देऊ?"

बारा वाजेपर्यंत तो तयार झाला. हवामान कसं आहे, बघू. तुझं नाव इडवल का, बघू. मी तुझी बायको ना, बघू, आणि हे म्हणताना त्याला फारच मजा वाटली. मी त्याला उत्तीर्ण केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला दयेपोटी उत्तीर्ण केलं.

चार वाजले.

"थांबतोस ना?" आवाज आला. आज 'का' नव्हतं, 'ना' होतं. आज धापही नव्हती.

इडवलनं माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, गाल फुगवले, कपाळावर घाम आला. मी मान हलवून त्याला धीर देत होते. मग दारामागे कोणीतरी नाक ओढलं. रडणाऱ्या माणसासारखं, अगदी बारीक.

"थांबतो हो!" इडवलच्या तोंडून निघालंच. "न थांबायला काय झालं? थांबतो!"

धोकादायक चूक. परीक्षा तिथंच संपली.

६

शनिवारी साडेनऊला मी पिशव्या गाडीत ठेवल्या, किल्ली पायपुसण्याखाली ठेवायला म्हणून परत आले.

इडवल बोळात उभा होता, मोज्यांवर. त्याचे बूट ओळीत आठव्या जागी, टाचा भिंतीला लावून ठेवलेले. पुढच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं. त्याला आतून किंवा बाहेरून कोणी धरलेलं दिसत नव्हतं.

"चल," मी म्हटलं.

"नेस्टा, मी शब्द दिलाय," तो म्हणाला. चेहरा शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "सहा वेळा विचारलं, सहा वेळा म्हटलं थांबतो. आता माणूस मागे टाकून जाऊ?"

मी त्याच्या दंडाला धरलं आणि ओढलं. इडवल काही जड माणूस नाही, पण तो हलला नाही. ओढता ओढता माझी नजर त्या फटीतून आत गेली.

मला गुडघेच दिसले. खिडकीकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्यांची ओळ, बसमधल्या बाकांसारखी. विजारींतले गुडघे, गुडघ्यांवर ठेवलेले हात, खाली मोजे. पुढे वाकून वर बघायची हिंमत मला झाली नाही. मी मोजले, मोजल्याशिवाय मला राहवलं नाही. चौदा गुडघे आणि एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर आमच्याच बिछान्यातली उशी ठेवली होती, पाठीला आधार म्हणून.

इडवलशिवाय मला घरी जायचं नव्हतं. त्या रिकाम्या खिडकीसमोर एकटीनं चहा प्यायचा नव्हता. इतकं साधं होतं सगळं, आणि मी ते त्याला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"अहो," मी त्या फटीला म्हटलं. आवाज माझा होता, पण परीक्षकाचा नव्हता. "तो थांबलाय हे खरं. पण तुमच्यासाठी नाही. बसच्या परीक्षेत मी त्याला तीनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा हा बाहेर पावसात साडेपाचपर्यंत उभा. मला वाटलं, भांडणार. तर म्हणाला, 'तुमची बस येईपर्यंत सोबतीला थांबतो.' तेव्हापासून थांबलाय. एकोणचाळीस वर्षं. तुमचा नंबर नंतर लागतो."

आत एक गुडघा हलला.

मी इडवलकडे वळले. "कोणासाठी थांबलायस तू? माझ्यासाठी थांबलायस ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. 'बघू' म्हणतो की काय अशी मला भीती वाटली, कारण शिकवलं मीच होतं.

"थांबलोय," इडवल म्हणाला. "आणखी कोणासाठी थांबणार, वेडे?"

मग तो खाली बसला आणि बूट घालायला लागला. लेस बांधायला इतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या वेल्समध्ये नसेल. मी कोट काढून त्याच्या अंगावर टाकला, गुंडी चुकीच्या काजात गेली, गेली तर गेली. उंबरा ओलांडणार इतक्यात मागून आवाज आला, पुन्हा धापा टाकत, ओशाळलेला.

"मग मी थांबू?"

इडवलचं तोंड उघडलं. मी त्यावर हात दाबला. पण प्रश्न विचारलाय आणि उत्तर मिळत नाही, ही शांतता मला कधीच सोसत नाही. अकरा हजार उमेदवारांनी गाडी कडेला घेऊन मला हाच प्रश्न विचारला होता, आणि अकरा हजार वेळा मी एकच उत्तर दिलं होतं. ते आपसूक तोंडातून बाहेर पडलं.

"थांबा," मी म्हणाले.

७

गाडी मी चालवली. दोन्हीकडे मेंढ्या होत्या, झाडून सगळ्या लाल पाठीच्या.

"तू 'थांबा' म्हणालीस," इडवल म्हणाला.

"म्हणाले."

"कुठं थांबा, ते नाही सांगितलंस."

परीक्षकानं जागा सांगायचीच असते. पुढच्या फाट्यापाशी, डाव्या हाताला, सुरक्षित ठिकाणी. ते न सांगणं ही माझी नोकरी घालवणारी चूक होती. हात वर करून आरसा छताकडे वळवला आणि कार्माथनपर्यंतचे चाळीस मैल मागे न बघता गाडी चालवली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला रस्त्यातच उतरवलं असतं.

घर आलं. आमची गल्ली, आमचं फाटक, शेजाऱ्याचं मांजर, सगळं जागच्या जागी. मला इतकं बरं वाटलं की मी हसायला लागले. इडवलही हसला, कोंबडीच्या गोष्टीत हसतो तसा. मी पिशव्या काढल्या, दार उघडलं, किटली लावली. तो काही आत येईना.

बाहेर येऊन पाहिलं. इडवलनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. दुसरा हात आधाराला पुढे केलेला, कमरेच्या उंचीवर, म्हाताऱ्या माणसाला पकडता येईल असा.

"अरे काय करतोयस? चल की आत!"

"थांब गं जरा," इडवल म्हणाला. "त्यांना उतरू तरी दे."